‘काका, यावर पोलिसांचं ऐकू येईल का?’

गणपती तीन आठवड्यांवर आले होते. तळमजल्यावरच्या वहिनींचा मुलगा संध्याकाळी वर आला. हातात पुठ्ठ्याचं खोकं, त्यात दोन वॉकीटॉकी. मंडळाच्या कार्यकर्त्यांसाठी ऑनलाइन मागवलेले. आम्ही परळला राहतो. विसर्जनाच्या रात्री लालबागच्या गर्दीत फोन लागत नाहीत हा आमचा दरवर्षीचा अनुभव, तेव्हा कल्पना काही वाईट नव्हती. पण त्याला विचारायचं होतं वेगळंच. “काका, यावर पोलिसांचं ऐकू येईल का? आणि फायर ब्रिगेडचं?”

माझ्याकडे हॅम रेडिओचं, म्हणजे हौसेने चालवायच्या वायरलेसचं लायसन्स आहे, गच्चीवर बरीच वर्षं ॲन्टेना आहे, म्हणून असे प्रश्न घेऊन इमारतीतली पोरं माझ्याकडेच येतात. “बेकायदा आहे, ठेव ते खाली” एवढं बोलून त्याला वाटेला लावता आलं असतं. पण असा प्रश्न पडणारं पोर मला आवडतं. रात्री दोन वाजता बंबाचा भोंगा ऐकून जो उठून बसतो आणि “कुठे लागली असेल?” म्हणून खिडकीशी जातो, त्याला आजूबाजूच्या माणसांची काळजी असते. म्हणून त्याला बसवलं, चहा टाकला आणि पहिल्यापासून सांगायला घेतलं.

मोबाइल आणि वायरलेस दोन्ही हवेतूनच चालतात, पण दोन्हींचा स्वभाव वेगळा. मोबाइलवरचं बोलणं म्हणजे चाळीतल्या एका खोलीतून दुसऱ्या खोलीत पाठवलेली चिठ्ठी. पाठवणारा एक, वाचणारा एक, मध्ये चिठ्ठ्या पोचवणारा टॉवर. वायरलेस म्हणजे गॅलरीत उभं राहून मारलेली हाक. एकाने हाक मारली की सगळ्या मजल्यांवर ऐकू जाते. बाहेरच्याला यात गोंगाट दिसतो, पण पोलिसांना आणि अग्निशमन दलाला नेमकं हेच हवं असतं. समजा भेंडीबाजारातल्या एका गल्लीतून आगीची वर्दी आली. पहिला बंब पोचला आणि त्याने कंट्रोल रूमला कळवलं की गल्लीच्या तोंडाशी गाड्या लागल्यात, आत शिरता येत नाही. हे त्याने कंट्रोलला सांगितलं, पण मागून येणाऱ्या दुसऱ्या बंबाच्या चालकानेही ते ऐकलं आणि कुणी न सांगता गाडी पलीकडच्या रस्त्याने वळवली. फोनवर हे साधायला चार फोन करावे लागले असते.

मोबाइल गर्दीत का अडकतो, याचं उत्तरही इथेच आहे. एका टॉवरला एका वेळी ठरावीक माणसंच सांभाळता येतात. ११ जुलै २००६ ला लोकलमध्ये बॉम्बस्फोट झाले, तेव्हा साऱ्या मुंबईने एकाच वेळी घरी फोन लावायला घेतले आणि कुणाचाच लागेना. वायरलेसवर एक माणूस बोलतो आणि हजार माणसं ऐकतात. ऐकणारे हजाराचे दोन हजार झाले तरी लहरींवर तसूभरही जास्त भार पडत नाही.

याची एक किंमत मात्र मोजावी लागते. एका वेळी एकच बोलणार. बटण दाबलं की बोलायचं, सोडलं की ऐकायचं. दोघांनी एकदम दाबलं तर दोघांचंही वाया. म्हणून वायरलेसवरची भाषा तुटक असते आणि वाक्यं आखूड. नवशिक्याची हमखास होणारी चूक म्हणजे बटण दाबता दाबताच बोलायला लागणं. सेट जागा व्हायला क्षणभर लागतो, आणि पहिला शब्द गळतो. मराठीत ते फार महागात पडतं, कारण आपण जागेचं नाव आधी घेतो. “भायखळा स्टेशनला गर्दी वाढतेय” मधला ‘भायखळा’ गळला की उरतं ‘स्टेशनला गर्दी वाढतेय’. आता कुठल्या स्टेशनला, ते शोधा! बटण दाबा, एक श्वास घ्या, मग बोला, हे मी त्या मुलाला सगळ्यात आधी शिकवलं.

आता स्कॅनर, म्हणजे हवेतलं इतरांचं बोलणं शोधून ऐकवणारा सेट. नावावरून काहीतरी गुप्तहेरी यंत्र असेल असं वाटतं, पण तो एक रेडिओच. आपल्या घरातला रेडिओ आपण एका स्टेशनवर लावतो आणि तो तिथेच थांबतो. स्कॅनर थांबत नाही. रात्रपाळीचा वॉचमन प्रत्येक मजल्यावर प्रत्येक दाराशी क्षणभर थांबून आतून आवाज येतो का बघतो, तसा हा एकेका फ्रिक्वेन्सीला कान लावतो. शांतता असली की पुढचं दार. कुणी बोलत असलं की तिथेच उभा राहतो, आणि बोलणं संपलं की पुन्हा चालायला लागतो. जुन्या स्कॅनरमध्ये प्रत्येक चॅनलसाठी वेगळा क्रिस्टल बसवावा लागे, त्यामुळे दारं मोजकीच असत. आताचे सेट एका सेकंदात कित्येक दारं पालथी घालतात.

दाराआड शांतता आहे हे त्याला कळतं कसं? रिकाम्या फ्रिक्वेन्सीवर शांतता नसतेच मुळी, सतत खरखर असते. सेटमध्ये स्क्वेल्च नावाचं एक दार असतं. लहरीची ताकद ठरावीक पातळीच्या वर गेली की ते उघडतं, खाली आली की मिटतं. हे दार नीट लावलं नाही तर एक तर रात्रभर खरखर ऐकावी लागते, नाही तर लांबून आलेली बारीक हाक बाहेरच राहते. शिवाय बोलण्याच्या तळाशी सतत एक खोल सूर सोडण्याचीही पद्धत आहे. हे सूर साधारण ६७ ते २५४ हर्ट्झमधले असतात. तो सूर ओळखला तरच समोरचा सेट तोंड उघडतो. एकाच फ्रिक्वेन्सीवर दोन गट असले तर त्यांना एकमेकांचा त्रास होऊ नये म्हणून ही सोय. तिला कुलूप समजू नका, ती नुसती दारावरची पाटी आहे.

२०१२ च्या सुमारास आणखी एक गंमत झाली. संगणकावर टीव्ही बघण्यासाठी पेन ड्राइव्हएवढा एक स्वस्त डोंगल मिळायचा. त्यातल्या चिपकडून कच्च्या लहरी जशाच्या तशा संगणकात घेता येतात, असं हौशी मंडळींच्या ध्यानात आलं. मग साधारण २४ ते १७०० मेगाहर्ट्झपर्यंतचं आकाश काही शे रुपयांत उघडं पडलं. हा डोंगल एकेका दाराला कान लावत बसत नाही, गॅलरीचा मोठा तुकडा एकदम डोळ्यांसमोर धरतो. पडद्यावर रंगीत धबधबा पडत असतो आणि कुणी बोललं की त्यात एक उजळ रेघ उमटते. मी तरुणपणी लॅमिंग्टन रोडवर एकेक कॉइल आणि ट्रान्झिस्टर शोधत उन्हात फिरलो आहे. (रस्त्याचं नाव बदलून जमाना झाला, पण पार्ट घ्यायला जाणाऱ्याच्या तोंडी अजून लॅमिंग्टन रोडच.) पहिल्यांदा तो धबधबा बघितला तेव्हा मी जेवायचं विसरलो होतो.

लहरींच्या लांबीबद्दलही थोडं सांगायला हवं, कारण मुंबईत सगळं तिथेच अडतं. मेगाहर्ट्झच्या आकड्याने ३०० ला भागलं की लहरीची लांबी मीटरमध्ये मिळते. आकाशवाणीची अस्मिता वाहिनी ५५८ किलोहर्ट्झवर, म्हणजे तिची लहर अर्ध्या किलोमीटरपेक्षा लांब. ती जमिनीला धरून दूरवर जाते, वाटेतल्या इमारतींना फारशी जुमानत नाही. वॉकीटॉकीच्या लहरी १५० मेगाहर्ट्झच्या आसपास, म्हणजे दोन मीटरच्या. त्या जवळपास नजरेच्या रेषेत जातात. परळच्या गिरण्या जाऊन तिथे चाळीस-चाळीस मजले उभे राहिले आणि माझ्या गच्चीवरून पूर्वी सहज मिळणारे काही हॅम मित्र त्या भिंतींच्या सावलीत गेले. यावर उपाय रिपीटर. उंच जागी ठेवलेला हा सेट एका फ्रिक्वेन्सीवर ऐकतो आणि तेच त्याच क्षणी दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर मोठ्याने सांगतो. खाली गल्लीतल्या शिपायाच्या हातातल्या छोट्या सेटचा आवाज शहराच्या दुसऱ्या टोकाला पोचतो तो या उंचावरच्या मध्यस्थामुळे.

इथवर ऐकल्यावर मुलगा म्हणाला, “म्हणजे ऐकू येईल!” मी म्हटलं, थांब. तंत्रही तुला फारसं ऐकू देणार नाही आणि कायदा तर नाहीच देणार.

आधी तंत्राचं. जगभरातल्या आपत्कालीन यंत्रणा साध्या ॲनालॉग वायरलेसकडून डिजिटलकडे जात आहेत. युरोपात १९९० च्या दशकात टेट्रा नावाचं मानक तयार झालं, अमेरिकेत पी-२५. आपल्याकडे दिल्ली मेट्रोसारख्या यंत्रणा टेट्रावर चालतात. टेट्रात २५ किलोहर्ट्झच्या एका पट्ट्याचे वेळेनुसार चार तुकडे करतात आणि चार संभाषणं एकाच पट्ट्यात बसवतात. आवाजाचे आकडे होतात, त्यामुळे साध्या स्कॅनरला तिथे फक्त गुरगुर ऐकू येते. डिजिटलचा आणखी एक स्वभाव आहे. ॲनालॉग आवाज लांब गेला की हळूहळू खरखरीत बुडतो, पण कान तयार असला तर दोन शब्द हाती लागतात. डिजिटल स्वच्छ ऐकू येतो, स्वच्छ ऐकू येतो, आणि एकदम नाहीसा होतो.

त्यावर ट्रंकिंग. हे समजायला चाळीतले नळ आठवा. पूर्वी प्रत्येक गटाला आपापलं चॅनल, म्हणजे प्रत्येक बिऱ्हाडाला स्वतंत्र नळ. काही दिवसभर कोरडे, काहींवर भांडणं. ट्रंकिंगमध्ये सगळे नळ सामायिक. मोकळा होईल तो नळ रांगेतल्या पुढच्या माणसाला. रांग सांभाळायला एक संगणक, आणि कुणी कुठल्या नळावर जायचं ते तो एका वेगळ्या चॅनलवर सतत सांगत असतो. सेट आपोआप तिकडे वळतात, बोलणाऱ्याला पत्ताही लागत नाही. बाहेरच्या ऐकणाऱ्याला मात्र पहिलं वाक्य एका नळावर आणि त्याचं उत्तर तिसऱ्याच नळावर.

आणि शेवटी कुलूप, म्हणजे एन्क्रिप्शन. लहानपणी आपण ‘च’ची भाषा बोलायचो. ‘पाणी’चं ‘चणीपा’. नियम कळला की कुणालाही कळायची. एन्क्रिप्शनमध्ये नियम जगाला माहीत असला तरी चालतो, कारण त्यात एक भलामोठा गुप्त आकडा मिसळलेला असतो. तो ज्याच्या सेटमध्ये त्यालाच शब्द ऐकू येतात. कुलूप मात्र खरोखर भक्कम असायला हवं. २०२३ मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी दाखवून दिलं की टेट्राच्या जुन्या कुलपांपैकी एकाची किल्ली कागदावर ८० बिटांची, पण आतून ती ३२ बिटांवर आणून ठेवलेली होती. एवढी छोटी किल्ली साधा संगणकही शोधून काढतो. पंचवीस-तीस वर्षं ही गोष्ट बाहेर आली नव्हती, कारण कुलपाची रचनाच गुप्त ठेवलेली. कुलपाची रचना उघड्यावर तपासून घ्यावी आणि किल्ली तेवढी लपवावी, असं मला मनापासून वाटतं.

याशिवाय हल्ली बोलणंच कमी झालं आहे. तुम्ही ११२ लावलात की तुमचा पत्ता पोलिसांच्या गाडीतल्या पडद्यावर उमटतो. पूर्वी जे कंट्रोल मोठ्याने सांगायचं, ते आता मुकाट अक्षरांत जातं.

आता कायदा. घरच्या रेडिओलाही एके काळी लायसन्स लागे, हे आमच्या पिढीला आठवत असेल. पोस्टात जाऊन ते दरवर्षी नवं करून घ्यायचं. १९८० च्या दशकात ते गेलं आणि ‘ऐकायला कशाला परवानगी?’ असा समज रुजला. पण लायसन्सची सूट मिळाली ती सर्वांसाठी केलेलं प्रसारण ऐकायला. पोलिसांचं बोलणं सर्वांसाठी नसतं. १९३३ च्या वायरलेस कायद्यात परवान्याविना वायरलेस उपकरण नुसतं जवळ बाळगणंही गुन्हा होता. त्या कायद्याच्या आणि १८८५ च्या टेलिग्राफ कायद्याच्या जागी २०२३ चा दूरसंचार कायदा आला. त्यात दुसऱ्याचा संदेश बेकायदा पकडल्याबद्दल तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. जून २०२४ पासून हे कलम लागू आहे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या रेडिओ नियमांतही सतरावं कलम आहे. जे सर्वांसाठी नाही ते पकडू नये, आणि पकडलेलं दुसऱ्याला सांगू नये, असं ते म्हणतं.

अमेरिकेत चित्र निराळं. तिथे घरी बसून पोलिसांचं उघडं वायरलेस ऐकायला बहुतेक ठिकाणी मुभा आहे. डेट्रॉइटच्या पोलिसांनी १९२८ मध्ये गाड्यांमध्ये रेडिओ बसवले आणि लोक तेव्हापासूनच ऐकत आले. न्यूयॉर्कमधल्या वीजी या छायाचित्रकाराने १९३८ मध्ये परवानगी काढून गाडीतच पोलिस रेडिओ बसवून घेतला होता, आणि तो बातमीच्या जागी सगळ्यांच्या आधी हजर असायचा. त्याच न्यूयॉर्कच्या पोलिसांनी २०२३ पासून आपली चॅनल कुलूपबंद करायला घेतली आणि तिथल्या पत्रकारांनी हरकत घेतली. ब्रिटनमध्ये आपल्यासारखीच बंदी आहे. इंटरनेटवर स्कॅनरचे जे व्हिडिओ दिसतात त्यांतले बरेचसे अमेरिकेतले असतात. ते बघून मुंबईत सेट मागवू नका.

कायदा इतका कडक का, ते मुंबईकराला वेगळं सांगायला नको. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात पाकिस्तानात बसलेले सूत्रधार आपल्या वाहिन्यांवरचं थेट प्रक्षेपण बघत होते आणि आतल्या अतिरेक्यांना फोनवरून सांगत होते की कमांडो कुठे उतरत आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २९ ऑगस्ट २०१२ च्या कसाब खटल्याच्या निकालात वाहिन्यांच्या त्या प्रक्षेपणावर कडक शब्दांत टीका केली. मार्च २०१५ मध्ये नियमच झाला की अतिरेकीविरोधी कारवाई चालू असताना तिचं थेट प्रक्षेपण करायचं नाही. कॅमेऱ्याला जे लागू, ते वायरलेसला त्याहून जास्त लागू, कारण वायरलेसवर पुढचं पाऊल आधी सांगितलं जातं. आणि अतिरेकी राहू द्या. रोजच्या संदेशांत एखाद्या मुलीचं नाव-पत्ता असतो, रुळांवर सापडलेल्या माणसाचं वर्णन असतं. घरच्यांच्या आधी ते शेजारच्या इमारतीतल्या हौशी कानाला का कळावं?

पण म्हणून ते बोलणं लोकांच्या हाती कधीच येऊ नये, असंही मी म्हणणार नाही. त्याच हल्ल्यात कामा रुग्णालयाजवळच्या गल्लीत अशोक कामटे, हेमंत करकरे आणि विजय साळसकर शहीद झाले. विनीता कामटे यांनी पुढे माहितीच्या अधिकाराखाली त्या रात्रीच्या कंट्रोल रूममधल्या नोंदी मागवल्या, आणि आपल्या पतीच्या शेवटच्या तासांत कोण कुणाला काय सांगत होतं ते मिनिटामिनिटाने तपासलं. वायरलेसवरचा प्रत्येक शब्द नोंदवला जावा, जपला जावा आणि घटना संपल्यावर ज्याचा हक्क आहे त्याला मिळावा. चालू कारवाई चोरून ऐकण्यापेक्षा या मागणीसाठी भांडणं मला जास्त मोलाचं वाटतं.

आता समुद्राकडे वळू, कारण तिथे सगळं उलटं आहे आणि ते मला फार सुंदर वाटतं. जमिनीवर आपत्कालीन वायरलेस ऐकणं गुन्हा, समुद्रावर ऐकणं कर्तव्य. १५६.८ मेगाहर्ट्झ, म्हणजे सागरी चॅनल १६. मुंबई बंदरात शिरणारं मोठं जहाज असो की ससून डॉकवरून निघालेला ट्रॉलर, सेट असलेल्या प्रत्येकाने या चॅनलवर कान ठेवायचा. संकट आलं की तीनदा ‘मेडे’ म्हणायचं. हा शब्द १९२० च्या दशकात लंडनजवळच्या क्रॉयडन विमानतळावरचे रेडिओ अधिकारी फ्रेडरिक मॉकफर्ड यांनी सुचवला, ‘मला मदत करा’ या अर्थाच्या फ्रेंच शब्दांवरून. मग बोटीचं नाव, जागा, काय झालंय, किती माणसं. बाकीच्यांनी तोंड बंद ठेवायचं. किनाऱ्यापर्यंत हाक पोचली नाही असं वाटलं तर जवळच्या बोटीने तीच हाक पुढे द्यायची. मुंबईला तटरक्षक दलाचं बचाव समन्वय केंद्र आहे आणि किनाऱ्यावरून कळवायला १५५४ हा नंबर. आमच्या ओळखीचे एक वेसाव्याचे तांडेल सांगतात, रात्री जाळं टाकून सगळे झोपले तरी सेटचा आवाज कुणी बंद करत नाही. त्या खरखरीतच झोप लागते.

विमानांचीही अशी एक सामायिक जागा आहे, १२१.५ मेगाहर्ट्झ. विमानं अजून जुन्या एएम पद्धतीनेच बोलतात. एफएमवर दोघं एकदम बोलले तर जोरकस आवाज दुसऱ्याला पुरता गिळतो. एएमवर दोन्ही मिसळून शिट्टीसारखा आवाज येतो. शब्द कळले नाहीत तरी ‘आणखी कुणीतरी बोलत होतं’ एवढं कळतं, आणि आकाशात तेवढंही पुष्कळ असतं.

मग त्या मुलाने करायचं काय? मी त्याला म्हटलं, ऐकायची हौस आहे ना, मग हॅम हो. केंद्राच्या दूरसंचार विभागाची परीक्षा असते, थोडं इलेक्ट्रॉनिक्स आणि बाकी नियम. बारा वर्षं पूर्ण झालेल्या कुणालाही बसता येतं. प्राथमिक श्रेणीला मोर्स, म्हणजे टिंब-रेघांची भाषा लागत नाही, वरच्या श्रेणीला लागतं. पास झालास की स्वतःचं कॉलसाइन, म्हणजे हवेतलं नाव, व्हीयू-३ ने किंवा व्हीयू-२ ने सुरू होणारं. १४४ ते १४६ मेगाहर्ट्झचा पट्टा तुला मोकळा, शॉर्टवेव्हवर तर साऱ्या जगाशी गप्पा.

हे नुसते छंदातले लाड नाहीत. २६ जुलै २००५. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस. मी त्या दिवशी घरीच होतो. दुपारनंतर मोबाइल मेले, मग दिवे गेले. जुन्या स्कूटरची बॅटरी जोडून मी सेट लावला. बाहेर पावसाशिवाय दुसरा आवाज नव्हता, आणि त्या छोट्या डब्यातून एकेक कॉलसाइन यायला लागलं. कुणी कुर्ल्याहून, कुणी ठाण्याकडून. कुठे पाणी किती, कुठला रस्ता चालू, कुणाचं माणूस कुठे सुखरूप आहे. माझ्याकडे एका बाईंचा निरोप आला होता, शाळेत अडकलेल्या मुलीसाठी, “तिथेच थांब, निघू नको.” तो मी पुढे दिला, त्या शाळेजवळच्या माणसाने चालत जाऊन पोचवला. तासाभराने हवेतून एवढंच आलं, “मुलगी आहे, जेवली.” पेन्सिलीने लिहिलेला तो कागद मी अजून ठेवला आहे. त्याच्या सात महिने आधी, डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत, भारती प्रसाद नावाच्या हॅम नेमक्या पोर्ट ब्लेअरला होत्या. बाकीचे मार्ग तुटले तेव्हा त्यांच्या सेटवरून अंदमानच्या माणसांची खुशाली मुख्य भूमीवर पोचत होती.

राहिलं ते पुठ्ठ्याचं खोकं. त्यातले सेट १३६ ते १७४ आणि ४०० मेगाहर्ट्झच्या पुढच्या मोठ्या पट्ट्यात ऐकू शकत होते, आणि खरी धास्ती म्हणजे बोलूही शकत होते, तेही पाच वॅटने. सगळे एक सामायिक चॅनल वापरतात, हे आठवा. अशा सेटचं बटण कुणाच्या मांडीखाली दाबलं गेलं आणि तो चुकून पोलिसांच्या किंवा ॲम्ब्युलन्सच्या फ्रिक्वेन्सीवर असला, तर त्या भागातलं चॅनल तो माणूस उठेपर्यंत बंद. हे विसर्जनाच्या रात्री, चौपाटीवर लाखो माणसं असताना! मुलाचा चेहरा तिथे उतरला. २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने असे सेट ऑनलाइन विकणाऱ्यांसाठी नियमावली काढली ती याचमुळे. मंडळाला लागतात ते सेट वेगळे. ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झमधले, कमी ताकदीचे, सरकारी तांत्रिक मान्यता असलेले. २०१८ च्या नियमांनुसार त्यांना लायसन्स लागत नाही. गर्दीत काहीशे मीटर जातात. ट्रॉलीच्या पुढच्या दोरीपासून मागच्या दोरीपर्यंत तेवढं पुरतं.

खोकं परत गेलं. मंडळाने ४४६ चे चार सेट घेतले.

मुलगा आता रविवारी सकाळी येतो, मी हवेत असतो तेव्हा शेजारी बसून ऐकतो. शाळेच्या जुन्या वहीत कॉलसाइन उतरवून घेतो. पहिल्या दिवशी त्याने सात लिहिले, त्यातले तीन चुकले, कारण बी, डी आणि पी त्याला सारखेच ऐकू आले. मग वहीच्या मागच्या पानावर त्याला अल्फा, ब्राव्हो, चार्ली लिहून दिलं. परवा जिन्यात भेटला तर चपलेचा पट्टा लावता लावता तेच म्हणत होता, आणि ‘क्विबेक’ला अडला होता.